लादी लागण्याआधी: बाथरूमच्या भिंती आणि जमीन कशी तयार करावी

मुंबईत बाथरूमचं काम निघालं की घरातली सगळी चर्चा टाइलवर होते. मॅट घ्यायची की ग्लॉसी, बॉर्डर हवी की नको, मोरबीचा माल या दुकानात स्वस्त की त्या. पण खालच्या मजल्यावर ओल उतरणार का, टाइल चार वर्षांनी पोकळ वाजायला लागणार का, आंघोळीनंतर कोपऱ्यात पाणी साचणार का, याचा निकाल पहिली टाइल लागण्याआधीच लागलेला असतो.

माझं म्हणणं साधं आहे. भिंतीचा वाकडेपणा प्लास्टरमध्ये संपवायचा आणि जमिनीचा ढाळ कोब्यात, म्हणजे टाइलखालच्या विटा-सिमेंटच्या थरात, द्यायचा. टाइलमागच्या सिमेंट-रेतीच्या मालात किंवा टाइल चिकटवायच्या केमिकलमध्ये यातलं काहीही 'काढून' घ्यायचं नाही. मिस्त्री म्हणाला, ‘सेठ, माल में निकल जाएगा’, की काम थांबवायचं आणि ॲल्युमिनियमची पट्टी मागायची.

इथे धरलंय ते मुंबईतलं नेहमीचं बाथरूम: पाच बाय सात फुटांच्या आसपास, विटेच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, खाली सनकन स्लॅब, म्हणजे पाइप बसावेत म्हणून खोलगट ठेवलेला स्लॅब (सनक). कॉन्ट्रॅक्टर आठ दिवस सांगतो. नीट करायचं तर टाइल सुरू होण्याआधीच अडीच-तीन आठवडे जातात. त्यातला निम्मा वेळ नुसता पाणी मारण्यात आणि वाट बघण्यात जातो, आणि घाई होते ती तिथेच.

तोडायच्या आधी

सोसायटीची परवानगी, कामाच्या वेळा, मजुरांची नोंद आणि डेब्रिज (राडारोडा) उचलण्याची सोय हे लेखी घ्या. डेब्रिज जिन्याखाली साठवून 'नंतर बघू' म्हणता येत नाही. महापालिकेची डेब्रिज उचलण्याची सेवा आहे, नाहीतर टेम्पोवाल्याशी आधी बोलून ठेवा.

यानंतरचं काम बहुतेक लोक टाळतात, ते म्हणजे खालच्या घरात जाऊन त्यांच्या बाथरूमच्या छताचे फोटो काढणं. काकांना सांगायचं की आमचं काम निघतंय आणि मध्ये दोन दिवस पाणी भरून तपासणार आहोत. जुने डाग आधीचे की तुमच्या कामाने पडलेले, हा वाद पुढे फोटोवरच मिटतो. शिवाय पाणी भरल्यावर त्यांच्याकडे डोकवायला आधीच जागा झालेली असते.

शक्य असेल तर काम नोव्हेंबर ते मे या काळात काढा. पावसाळ्यात करता येत नाही असं नाही, पण मुंबईच्या दमट हवेत कोबा आणि प्लास्टर सुकायला दुप्पट वेळ लागतो. बाहेरची भिंत पावसाने भिजत असेल तर तिच्यावर आतून कितीही लेप लावा, ओल कुठून येते ते कळत नाही. बाहेरच्या भेगा आधी बुजवून घ्या.

तोडायला सुरुवात करण्यापूर्वी नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जिथून जातं ती जाळीखालची कुंडी) आणि कमोडची तोंडं गोणपाटाच्या बोळ्याने घट्ट बंद करा आणि वर प्लास्टिक बांधा. विटेचा एक तुकडा आडव्या पाइपात जाऊन बसला की तो काढायला अख्खा सनक उकरावा लागतो.

किती तोडायचं

नुसती टाइल काढायची की प्लास्टरसकट विटेपर्यंत जायचं, हे ठोकून ठरवा. टाइल निघाल्यावर उघड्या प्लास्टरवर थापीच्या दांड्याने दर वीतभर अंतरावर ठोकत चला. भरीव जागी आवाज बारीक आणि टणक येतो. सुटलेल्या जागी तो जाड होतो आणि हाताला किंचित थरथर जाणवते. अशा जागा खडूने गोल करून घ्या. भिंतीचा चौथा हिस्सा गोलांनी भरला तर तुकडे जोडत बसू नका, सगळं प्लास्टर उतरवा. जुन्या इमारतींत बहुतेक वेळा हेच करावं लागतं. नखाने खरवडून रेती सुटली तर ठोकायचीही गरज नाही.

जिथे पूर्वी टाइल नव्हती, म्हणजे दरवाजाच्या उंचीच्या वर, तिथे नीरू (चुन्याचं गुळगुळीत) फिनिश, डिस्टेंपर, ऑइल पेंट किंवा पुट्टी असते. आता टाइल छतापर्यंत न्यायची असेल तर हे सगळं सिमेंट प्लास्टरपर्यंत खरवडून काढा. नीरूचा थर टाइलचं वजन पेलत नाही, तो भिंतीवरून सुटतो आणि टाइल सोबत घेऊन येतो. मागच्या मालकाने जिप्सम किंवा पीओपी मारलं असेल तर ते बाथरूममध्ये कणभरही ठेवू नका, पाण्याने ते मऊ पडतं.

टाइलवर टाइल? भिंत सरळ असेल, जुनी टाइल सगळीकडे घट्ट असेल, खाली गळती नसेल आणि दोन सेंटिमीटर जागा गेली तरी चालणार असेल, तर करता येतं. या चारही अटी एकत्र जुळलेलं बाथरूम क्वचित भेटतं.

जमिनीचा निर्णय वेगळा. खाली ओल नाही, पाइप चांगले आहेत आणि कोबा भरीव वाजतो, तर कोबा तसाच ठेवून वरचा थरच काढा. ओल असेल किंवा पाइप जुने लोखंडी असतील तर मात्र अर्धवट उघडून उपयोग नाही, स्लॅबपर्यंत जावंच लागतं.

छोटा ब्रेकर किंवा छिन्नी-हातोडाच वापरा. मोठा ब्रेकर सनकच्या पातळ स्लॅबवर लावू देऊ नका. डेब्रिज गोणीत भरून रोजच्या रोज खाली न्या. एका खोलीत ढीग करून ठेवलेल्या तीस-चाळीस गोण्या जुन्या स्लॅबला झेपतीलच असं नाही. कॉलम किंवा बीममध्ये पाइपासाठी झिरी (खाच) मारायची नाही, पाइप कितीही वळवावा लागला तरी. प्लास्टर काढल्यावर गंजलेली सळई दिसली तर ती ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मॉर्टरने दुरुस्त करतात. सळईची जाडीच कमी झालेली असेल किंवा काँक्रीट हाताने निघत असेल तर सोसायटीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तीस वर्षांवरच्या इमारतींना ऑडिट बंधनकारक आहे, त्यामुळे बहुतेक सोसायट्यांकडे असा माणूस असतोच.

पाइप भिंतीत जाण्यापूर्वी

झिरी कटरने दोन रेषा मारून मग छिन्नीने काढावी. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी टाळा, ती भिंत तिथेच अर्धी होते. खोली भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको.

डायव्हर्टरमुळे, म्हणजे शॉवरचं गरम-थंड पाणी मिसळणाऱ्या भिंतीतल्या नळामुळे, सगळ्यात जास्त घोळ होतो. त्याच्या प्लास्टिकच्या टोपीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या दोन खुणा असतात. तयार टाइलचा पृष्ठभाग या दोन खुणांच्या मध्ये यायला हवा. म्हणजे प्लास्टर कुठे येणार, त्यावर ३-४ मिलिमीटर केमिकल आणि ८-९ मिलिमीटरची टाइल धरून शेवट कुठे येणार, हे प्लंबरने आधी दोरी लावून बघायला हवं. त्यासाठी प्लास्टरचे ठिय्ये (जाडी ठरवणारे मालाचे गोळे) आणि डायव्हर्टर एकाच दिवशी लावून घ्या, मिस्त्री आणि प्लंबर दोघंही समोर असताना. नाहीतर टाइल लागल्यावर प्लेट भिंतीपासून बोटभर पुढे राहते किंवा दांडी आत बुडते.

पाइप बंद करण्याआधी सगळ्या टोकांना बुचं लावून पंपाने दाब द्या, नेहमीच्या दाबाच्या दीडपट तरी. गेजचा काटा सकाळी होता तिथेच हवा. गरम पाण्याच्या पाइपावर इन्सुलेशनची नळी चढवा. झिरी १:३ मालाने पूर्ण भरा आणि वर कोंबडी जाळी मारा. वरवर माल थापून मागे पोकळी ठेवली की त्याच रेषेत पुढे टाइलला तडा जातो.

भिंत

विटेची भिंत तारेच्या ब्रशने घासून, धूळ झाडून आदल्या दिवशी भिजवा. विटा तहानलेल्या असतील तर त्या मालातलं पाणी ओढून घेतात आणि प्लास्टर भाजल्यासारखं भुसभुशीत राहतं. काँक्रीटचा भाग मात्र गुळगुळीत असतो, तिथे टाचे मारून सिमेंटच्या रसात बाँडिंगचं लॅटेक्स घालून हात मारावा, आणि तो रस ओला असतानाच प्लास्टर चढवावं. रस सुकून गेला की तो फायद्याऐवजी तोटा करतो. सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकना भरपूर पाणी मारायचं नसतं, फवारा पुरे. वीट आणि काँक्रीट, किंवा ब्लॉक आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जाईल अशी जाळी खिळ्यांनी ताणून मारा. ढिली जाळी मालाला मागून ढकलते.

मग ठिय्ये. भिंतीचे वरचे दोन कोपरे, खालचे दोन आणि मध्ये चार-पाच फुटांवर एकेक. प्रत्येक ठिय्या मालाचा चपटा गोळा, त्यावर टाइलचा तुकडा. ओळंबा सोडून वरचा-खालचा एका रेषेत आणायचा, नंतर दोरीने आडवे. लेसर असेल तर काम पटकन होतं, पण ओळंबाही खोटं बोलत नाही. चारही भिंतींचे ठिय्ये लागल्यावर काटकोन तपासा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ६० सेंटिमीटर, दुसऱ्यावर ८० सेंटिमीटर खूण करा, दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर १०० यायला हवं. मुंबईतल्या जुन्या घरांत हे १०० क्वचितच येतं. दोन-तीन सेंटिमीटरचा फरक असेल तर ठिय्ये पुढे-मागे करून तो प्लास्टरमध्ये घ्या. फरक फार मोठा असेल तर दारातून समोर दिसणारी भिंत आणि कमोडमागची भिंत काटकोनात घ्या, आणि दरवाजाच्या बाजूच्या भिंतीवर टाइल तिरकी कापली तरी चालवून घ्या.

आता माल. १:४, म्हणजे एक फर्मा (मापाची पेटी) सिमेंट आणि चार फर्मे रेती. ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते, त्यामुळे ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरचा फर्मा म्हणजे एक गोणी. घमेल्याने मोजलं की प्रत्येक घमेलं वेगळं भरतं. रेती चाळून घ्या. काचेच्या बाटलीत निम्मी रेती आणि वर पाणी घालून हलवा, तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ती रेती परत पाठवा किंवा धुवून घ्या. खाडीची खारट रेती स्वस्तात मिळाली तरी नको. तिच्यातला क्षार पुढे टाइलच्या सांध्यातून पांढरा फुलून बाहेर येतो. हल्ली बहुतेक ठिकाणी क्रश सँडच, म्हणजे दगड फोडून केलेली रेती, येते. प्लास्टरसाठी वेगळी बारीक क्रश सँड मिळते, काँक्रीटवाली नको. पाणी नळाचं घ्या. समुद्राजवळच्या बऱ्याच सोसायट्यांत बोअरचं पाणी मचूळ असतं, ते कमोडला ठीक आहे, मालात नाही.

वॉटरप्रूफिंगचं लिक्विड पाकिटावर लिहिलेल्या मापाने घाला, बहुतेकांचं प्रमाण गोणीला २०० मिलिलिटरच्या आसपास असतं. डब्यावर आयएस २६४५ हे भारतीय मानक छापलेलं बघा. 'थोडं जास्त घाल' हे इथे चालत नाही, जास्त झालं की माल उशिरा धरतो. तासाभरात संपेल एवढाच माल कालवा. घट्ट झालेल्या मालात पाणी ओतून तो परत ढवळणं हा साइटवरचा सगळ्यात नेहमीचा चोरमार्ग आहे. मिस्त्री जेवायला बसला असेल तेव्हा घमेल्यात काय उरलंय ते बघून ठेवा.

थर १२ ते १५ मिलिमीटर. भिंत इतकी खोल असेल की २०च्या वर जावं लागेल, तर दोन हात करा: पहिल्यावर तारेने आडव्या-तिरक्या खुणा ओढून तो सुकू द्या, दुसरा दुसऱ्या दिवशी. एकाच वेळी जाड थर मारला की तो स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि बारीक भेगा पडतात. शेवट लाकडी रंध्याने करा, पृष्ठभाग खरखरीत राहू द्या. लोखंडी थापीने घोटून, वर सिमेंट पावडर मारून चकचकीत केलेलं प्लास्टर दिसायला छान असतं, पण टाइलला ते धरत नाही. कोरं सिमेंट शिंपडणाऱ्या मिस्त्रीला वाईट वाटेल तरी थांबवा.

पाणी मारणं दुसऱ्या दिवशी सुरू, किमान सात दिवस, दिवसातून तीन-चार वेळा. पाणी सकाळी ठरावीक वेळच येत असेल तर एक ड्रम बाथरूमबाहेर भरून ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी ही जबाबदारी द्या, कारण मजूर संध्याकाळी सहाला निघून जातो. गोणपाट ओलं करून भिंतीला टेकवून ठेवलं तर फेऱ्या कमी होतात. सात दिवसांनंतर प्लास्टरला सुकायलाही थोडा अवधी द्या. हवेत दमटपणा असेल तर पंखा लावून ठेवा.

तपासणी तुम्ही स्वतः करा. दोन मीटरची सरळ पट्टी भिंतीला उभी, आडवी आणि दोन्ही तिरक्या दिशांना लावा. पट्टीखाली कुठे फट दिसली तर त्यात ३ मिलिमीटरचा टाइल स्पेसर घालून बघा. तो सहज आत गेला की तिथे भर घालायची. फुगवटा असेल तर घासायचा. २ बाय ४ फुटांच्या मोठ्या टाइलना तर यातही सूट नाही, कारण टाइल वाकत नाही, ती उंचवट्यावर डोलते आणि कडा पुढे येते. वाळल्यावर पुन्हा एकदा सगळीकडे ठोकून घ्या.

जमीन: आकडे वरून खाली

जमिनीचं सगळं गणित दरवाजापाशी सुरू होतं. आधी बाहेरच्या पॅसेजच्या तयार लादीपासून बरोबर एक मीटर उंचीची रेषा लेव्हलच्या नळीने किंवा लेसरने बाथरूमच्या चारही भिंतींवर मारून घ्या. यापुढे प्रत्येक माप या रेषेपासून खाली घ्यायचं, जमिनीपासून वर कधीच नाही.

धरा की दाराशी बाथरूमची टाइल बाहेरच्यापेक्षा १२ मिलिमीटर खाली हवी. टाइल ९, केमिकल ४, म्हणजे दाराशी कोब्याचा पृष्ठभाग बाहेरच्या लादीपेक्षा २५ मिलिमीटर खाली. म्हणजे एक मीटरच्या रेषेपासून १०२५ मिलिमीटर खाली. नहाणी ट्रॅप दारापासून १.८ मीटरवर असेल आणि ढाळ १:८० घेतला तर साधारण २३ मिलिमीटर उतार येतो. ट्रॅपपाशी १०४८. हे दोन आकडे भिंतीवर पेन्सिलने लिहा आणि मिस्त्रीला दाखवा. १:१०० पेक्षा सपाट ढाळ ठेवला तर टाइल बसताना होणाऱ्या एक-दोन मिलिमीटरच्या फरकातच तो संपतो. फार तीव्र केला तर पाय घसरतो आणि मोठी टाइल चार बाजूंनी कापावी लागते. ज्यांना मोठी टाइल जमिनीवरही हवी आहे त्यांनी भिंतीलगत लांब चॅनेल ड्रेन घ्यावा. त्यात ढाळ एकाच दिशेला असतो.

सनक उघडला असेल तर स्लॅब धुवून, भेगा बुजवून, पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथे न आकसणारं ग्राउट भरा. गळती बहुतेक वेळा याच कड्यातून होते. स्लॅब आणि भिंतीच्या कोपऱ्यात मालाचा दीड-दोन इंची वाटा (गोलसर उतरती कड) काढा, म्हणजे लेप काटकोनात मोडत नाही. स्लॅबवर आणि सनकच्या बाजूंवर वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात, मग पाणी भरून पहिली तपासणी. बाहेरची भिंत डक्टला (इमारतीचे पाइप जातात त्या उभ्या मोकळ्या जागेला) लागून असेल तर स्लॅबच्या पातळीवर एक इंची पाइपाचा तुकडा बाहेर काढून ठेवतात. पुढे कधी सनकमध्ये पाणी शिरलंच तर ते खालच्या घरात न जाता डक्टमध्ये टपकतं आणि तुम्हाला दिसतं.

भराव विटेच्या चांगल्या भाजलेल्या तुकड्यांचा. ते भिजवून, मालाच्या थरावर उभे रचून, सांध्यात पातळ माल ओतून भरायचे. याच कोब्याच्या वरच्या थरात ढाळ येतो. सनकमध्ये आदल्या दिवशी फोडलेलं डेब्रिज भरणारे कॉन्ट्रॅक्टर शहरात कमी नाहीत. त्याने टेम्पोचेही पैसे वाचतात आणि विटांचेही. पण जुनी टाइल, नीरू आणि माती यांचा तो ढीग स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो आणि वर्षभरात खचतो. भराव पडत असताना तिथे हजर राहा.

वजनही लक्षात घ्या. १५ सेंटिमीटर जाडीचा ब्रिकबॅट (विटेच्या तुकड्यांचा) कोबा चौरस मीटरला अडीचशे किलोच्या वर जातो. मूळ भरावापेक्षा जाड करू नका. हलके ब्लॉक वापरायचे असतील तर इंजिनिअरला विचारून. कोब्याला सात दिवस पाणी उभं ठेवा.

नहाणी ट्रॅपची उंची ही जमिनीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ट्रॅपची कड कोब्याच्या पृष्ठभागाला बरोबर किंवा दोन मिलिमीटर खाली हवी, म्हणजे लेप तिच्या आत वळवता येतो. बऱ्याच बाथरूममध्ये ही कड टाइलच्या उंचीला आणून ठेवतात. मग टाइलखाली झिरपलेलं पाणी कडेभोवती तळं करून बसतं, कारण त्याला आत शिरायला वाट नाही. जाळीची फ्रेम टाइलच्या पातळीला बसवा, पण तिच्याखाली पाणी ट्रॅपमध्ये जाईल अशी फट ठेवा. ट्रॅपमध्ये ५० मिलिमीटर पाणी उभं राहणारा प्रकारच घ्या. उथळ ट्रॅप उन्हाळ्यात चार दिवस गावी गेलात की सुकतो आणि घरभर वास येतो.

लेप आणि पाण्याची परीक्षा

वरचा लेप ढाळ दिलेल्या कोब्यावर. ढाळ लेपाच्या खालीच तयार असायला हवा. सपाट जमिनीवर लेप मारून ढाळ टाइलखालच्या मालात दिला तर झिरपलेलं पाणी लेपावर साचून राहतं. बाथरूममधला जुनाट कुबट वास बहुतेक वेळा तिथूनच येतो.

सिमेंट-ॲक्रेलिकचा दोन भागांचा लेप आपल्या कामाला पुरतो, आणि त्यावर टाइलचं केमिकलही नीट धरतं. पृष्ठभाग ओलसर चालतो, पाणी उभं नको. पॉलियुरेथेनचा लेप घेणार असाल तर जमीन कोरडी ठणठणीत हवी, जी मुंबईत जुलैमध्ये मिळत नाही. आधी कोपरे, वाटा, पाइपाभोवती आणि ट्रॅपच्या कडेला लेपात भिजवलेली फायबर जाळी बसवा. मग पहिला हात एका दिशेने, तो सुकल्यावर दुसरा आडव्या दिशेने. मध्ये किती तास थांबायचं ते डब्यावर असतं. शॉवरच्या भिंतींवर सहा-सात फुटांपर्यंत, बाकी भिंतींवर जमिनीपासून फूटभर. दाराच्या उंबऱ्याखालीही लेप जायला हवा. तो राहिला की ओल बेडरूमच्या भिंतीच्या तळाशी दिसते आणि सगळे रंगाला दोष देतात. दुसरा हात ओला असतानाच जमिनीवर कोरडी चाळलेली रेती भुरभुरवा, वरच्या थराला पकड मिळते.

दोन-तीन दिवस वाळू द्या. मग ट्रॅपला बूच, दारात विटेचा बांध, आणि सगळ्यात उंच जागीही बोटभर पाणी उभं राहील इतकं भरा. पाण्याची पातळी भिंतीवर पेन्सिलने मारा, तारीख-वेळ लिहा. कमीत कमी ४८ तास. एक-दोन मिलिमीटर वाफ होऊन जाईल, त्यापेक्षा जास्त उतरलं तर आधी बूच तपासा, मग लेप. या दोन दिवसांत खालच्या काकांकडे दोनदा तरी जाऊन छत बघा, पाइपाच्या कडेला हात लावून बघा. सगळं ठीक असेल तर त्यांच्या समोरच छताचे नवे फोटो काढा. कॉन्ट्रॅक्टरचा मोठा हप्ता या परीक्षेनंतरच द्यायचा, असं करारात आधी लिहून ठेवलेलं बरं.

पाणी सोडताना ते कसं जातं तेही बघा. कुठे थबकतं त्या जागा खडूने मारा. आता तिथे भर घालणं अर्ध्या तासाचं काम आहे, त्या जागेवर लेपाचा हात मात्र पुन्हा मारावा लागतो.

टाइलचे बॉक्स उघडण्यापूर्वी

लेपावर कुणी शिडीचे उघडे लोखंडी पाय ठेवू नये, गोणपाट अंथरून ठेवा. यानंतर जमिनीत ड्रिल नाही. कमोडचे बोल्ट कुठे येणार हे आधी ठरवून त्या भोकांत सीलंट भरायचं.

व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी शोषत नाही, अर्ध्या टक्क्यापर्यंतच, म्हणून तिला सिमेंटचा नुसता रस धरत नाही. केमिकल घ्या, गोणीवर आयएस १५४७७ आणि त्याखाली टाइप छापलेला असतो. तुमच्या टाइलला कुठला टाइप चालतो हे दुकानदाराच्या तोंडी न विचारता गोणीवर वाचा. केमिकलवर टाइल लावताना ती पाण्यात भिजवायची नसते, भिजवतात ती मालावर लावायची सिरॅमिक टाइल. केमिकलचा थर दातेरी थापीने सलग ओढायचा. टाइलमागे पाच ठिपके ठेवून दाबणं चालणार नाही, ठिपक्यांच्या मधल्या पोकळीत पाणी फिरतं आणि ड्रिल मारताना टाइल तिथेच फुटते.

भिंतीची धूळ ओल्या स्पंजने पुसा. मग टाइल कोरड्याच मांडून बघा, जमिनीवर आणि भिंतीवर मोजून. कोपऱ्यात दोन बोटांची पट्टी उरत असेल तर सुरुवात अर्ध्या टाइलने सरकवा. भिंतीची पहिली ओळ जमिनीपासून सुरू करू नका, जमिनीला ढाळ आहे. एक मीटरच्या त्या रेषेवरून माप घेऊन दुसऱ्या ओळीच्या तळाशी ॲल्युमिनियमची पट्टी लेव्हलमध्ये ठोका आणि भिंत तिथून वर चढवा. खिळे शॉवरच्या लेपात जाणार असतील तर पट्टी ठोकण्याऐवजी विटांवर टेकवा. खालची ओळ जमीन झाल्यावर, ढाळाप्रमाणे कापून.